गजांच्या अलीकडे

माझी आई एकदा आठ दिवस धड जेवली नव्हती, ती माझ्यामुळे. मी कुंभकोणमला, ती मिरजेजवळच्या आमच्या गावी, मधे तीन दिवसांचा प्रवास. आणि तिच्या डोळ्यांपुढे मी गजांच्या मागे कोंडलेली. हे तिच्या मनात कुणा चहाडखोराने भरवलं नव्हतं. ते चित्र मीच माझ्या हाताने तयार केलं होतं, कडेने काळी पट्टी चिकटवली होती, कापसात गुंडाळून तिला पाठवलं होतं.

माझी शाळा सहावीत सुटली. वडील गेले आणि आईबरोबर घरी शिवणाला बसावं लागलं. पुढे लग्न झालं ते नवऱ्याच्या मिरजेतल्या एका दूरच्या मावशींच्या ओळखीने. ‘मद्रासकडची असली तरी आपली मराठीच माणसं आहेत,’ असं मावशींनी आईला सांगितलं. मराठीच होती. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी होते आणि तिकडेच राहिले, तेव्हा त्यांची मराठीही तेव्हाचीच राहिली. सासूबाई ‘कैसें’, ‘ऐसें’, ‘कोठें’ म्हणत, मधेच तमिळ शब्द घालत, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं की सगळं तमिळच. पहिले सहा महिने मी बहुतेक मान हलवून काढले. मुळात माझा काळजीचा स्वभाव. मीठ जास्त पडलं असेल का, आत्ता हसले ते मला का, दिवसभर हेच. त्यात ‘मुलगी सहावीच शिकलेली’ हे घरात सगळ्यांना माहीत. कुणी बोललं नाही कधी, पण मला ते रोज ऐकू यायचं.

मामंजी कालव्यांच्या खात्यात नकाशे काढत असत. मी आले तेव्हा निवृत्त होते. एकदा मी कंदिलाच्या काचा पुसत बसले होते. जाता जाता ते थांबले.

“काच कडेनें धरतेस. कोणीं शिकविलें?”

“कुणी नाही. बोटांचे डाग पडतात म्हणून.”

“सरी, बरें. उद्यां कोठीच्या खोलींत ये.”

रात्रभर मला झोप नाही, की आता काय चुकलं. दुसऱ्या दिवशी कळलं की कोठीची खोली म्हणजे त्यांची फोटोच्या प्लेटा धुवायची खोली, आणि मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले आहे. एवढं मोठं काम माझ्यावर त्याआधी कुणी विश्वासाने सोपवलं नव्हतं. आजही त्यांची आठवण आली की आधी ते ‘उद्यां ये’ आठवतं.

कॅमेरा जर्मनीचा, पहिल्या महायुद्धाच्याही आधीचा. खात्यातल्या एका गोऱ्या इंजिनिअरने विलायतेला परत जाताना तो मामंजींना दिला होता. काळ्या कातड्याने मढवलेली लांबट पेटी, पुढे दोन भिंगं, माणसाचे डोळे असतात तेवढ्या अंतरावर, थोड्या जास्तच. दोन्ही भिंगं एकदम उघडत आणि एकाच लांब काचेवर शेजारी शेजारी दोन चित्रं उमटत. ती काच बघायच्या लाकडी पेटीत घालून दोन्ही डोळ्यांनी पाहिली की चित्राला खोली येई. देवळाचा खांब खरोखर पुढे, दिवा खरोखर मागे. पण याच कॅमेऱ्यात आणखी एक सोय होती. आतला मधला पडदा काढून टाकायचा, एक भिंग सरकवून मधोमध आणायचं, की अख्ख्या काचेवर एकच रुंद चित्र येई. मामंजींनी असं कावेरीचं कोरडं पात्र घेतलं होतं, इन्नंबूरची भातशेतं घेतली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला शिकवताना ते म्हणाले होते, “दोन डोळे, तर खोली. एक डोळा, तर रुंदी. दोन्ही एकदम मागूं नये.”

हल्ली असे कॅमेरे जमवणारे लोक असतात. अलीकडे मद्रासहून एक गृहस्थ येऊन दोन तास तो उलटसुलट करून पाहून गेले. मधला पडदा मूळचाच आहे का, एवढं त्यांनी चार वेळा विचारलं. मूळचाच आहे. आम्ही काही हरवलं नाही.

मी आले तोवर मामंजींच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्यामुळे पेटीत पाहिलं तरी त्यांना खोली दिसत नसे. एका डोळ्याला सगळं सपाटच. तरीही ते दोन भिंगांनी चित्रं घेत, आणि मला पेटीत बघायला सांगून स्वतः शेजारी उभे राहत. “दिवा मागें गेला का? किती मागें? हातभर?” मी सांगे तेवढं ते मानत.

या कामातली एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॅमेऱ्यात चित्र काचेवर उलटं पडतं, डोकं खाली, पाय वर. ते सुलटं करायला काच फिरवली की डाव्या भिंगाचं चित्र उजवीकडे जातं आणि उजव्याचं डावीकडे. म्हणून शेवटी त्या मूळ काचेवरून, म्हणजे निगेटिव्हवरून, छापून जी बघायची काच तयार होते ती मधोमध कापावी लागते, दोन्ही अर्धे अदलाबदल करून ठेवायचे, वर दुसरी साधी काच, आणि कडेने काळी पट्टी. हे कापणं माझ्याकडे होतं. काच कापायच्या हिरकणीने एक रेघ ओढायची, टेबलाच्या कडेवर धरून हलकेच दाबायचं, टक् असा आवाज येतो आणि काच सरळ दुभंगते. स्वामीमलैला मूर्ती ओततात तिथली, कालव्यावरच्या होड्यांची, गोविंदपुरम्‌च्या भजनाची, अशा कितीतरी काचा मी कापल्या होत्या. एकही वाकडी गेली नव्हती.

मला दिवस गेले त्याच सुमाराला आई विहिरीच्या पायरीवरून घसरली. मांडीचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते आता होणार नव्हतं. सासूबाईंनी आपणहून कळवलं की आम्ही इथे सगळं करू. पण आईला वाटलं, हे लोक मुलीला धाडत नाहीत. पत्रामागून पत्र. ‘खरं सांग, तुला नीट वागवतात ना? बाहेर पडू देतात ना?’ मी लिहायची, सगळं छान आहे. ती म्हणायची, छान असतं तर एवढंच कशाला लिहिलं असतंस.

सातव्या महिन्यात तिकडच्या रिवाजाप्रमाणे शेजारच्या बायकांनी मला बांगड्या भरल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत, हिरव्या आणि लाल काचेच्या. आठवणीने प्रत्येकीने बजावलं, बाळंत होईपर्यंत काच फुटता कामा नये. सासूबाईंनी मला निजतानासुद्धा हात कसे ठेवायचे ते दाखवलं.

मामंजी म्हणाले, “आईंस पत्र नको लिहूं. तूच जा.” म्हणजे काच पाठवू, बघायच्या पेटीसकट. आई पेटीत डोळे लावेल आणि तिला मी समोर उभी दिसेन. मला इतकं भरून आलं की मी आत जाऊन उगाच डाळ निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी चौकात, स्वयंपाकघराच्या गजांच्या खिडकीपुढे मी उभी राहिले. मामंजींनी काळं कापड डोक्यावर घेतलं, तिवई पुढेमागे केली. “हात वर घे. बांगड्या दिसूं देत. दात नको, ओठांनींच हस.” प्लेट चांगली धुतली गेली. नवऱ्याच्या कचेरीतले एक गृहस्थ दोन दिवसांनी मिरजेवरून पुण्याला जाणार होते, त्यांच्या हाती द्यायचं ठरलं. त्या सकाळी बघायची काच वाळली आणि मी ती कापायला घेतली.

हिरकणी टेकवली. एका अर्ध्यात मी, दुसऱ्या अर्ध्यातही मी, पोटुशी. दोन्हीकडे हात वर, हातांत काच. आणि मी ही काच दुभंगणार होते. एरवी बांगडी पिचली तरी आमच्याकडे ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. माझा हातच चालेना. मनात म्हटलं, होडी कापली, देऊळ कापलं, देव कापले, काही झालं नाही. पण होडीच्या पोटात मूल नव्हतं. बाहेर ते गृहस्थ येऊन बसले होते, घोड्याची झटका गाडी दाराशी उभी होती, नवरा हाका मारत होता. मी काच तशीच अखंड ठेवली, वर दुसरी काच, कडेने पट्टी, आणि बाहेर आले.

“झाली?” मामंजींनी विचारलं.

“झाली.”

त्यांनी पेटी डाव्या डोळ्याला लावली. “उत्तम,” म्हणाले. मी स्वतः आत डोकावलेसुद्धा नाही.

अदलाबदल केली नाही तर नेमकं काय होतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, खोली जरा कमी दिसेल. एवढंच.

महिनाभराने एका सकाळी दादा दारात उभा. माझा थोरला भाऊ. पत्र नाही, तार नाही. चार गाड्या बदलून आलेला, दाढी वाढलेली, काखेत फडक्यात बांधलेली ती पेटी. मी हाताला लागलेलं इडलीचं पीठ पदराला पुसत धावले.

“दादा! आई—”

“आई आहे. तू कशी आहेस ते सांग.” तो माझ्याकडे नाही, माझ्या मागे, खोल्यांच्या दारांकडे पाहत होता. “कुलपं कुठल्या खोलीला असतात?”

“कुलपं?”

“सामान बांध. संध्याकाळच्या गाडीने निघायचं.”

सासूबाई कॉफीचा पेला घेऊन आल्या होत्या, त्या जागच्या जागी थांबल्या. “आठवा लागला आहे तिला. आगगाडींत कैसें न्याल?”

“इथे गजाआड ठेवण्यापेक्षा बरं,” दादा म्हणाला.

कुणालाच काही कळेना. मामंजी आतून आले. दादाने पेटी सोडली आणि माझ्या हातात दिली. “तूच पाठवलीस ना? बघ. आईने बघितली आणि ताट सारलं ते सारलंच. आठ दिवस पेज आणि पाणी. म्हणते, पोरीला कोंडलंय हे तिच्या सासरच्यांना मला सांगायचंच होतं, म्हणून असलं चित्र धाडलं.”

मी पेटीला डोळे लावले. पहिल्यांदाच.

गज पुढे होते. मागच्या खिडकीचे गज सगळ्यांच्या पुढे आले होते, आणि त्यांत माझ्या आकाराचं भोक पडल्यासारखं दिसत होतं. त्या भोकातून पलीकडे, खूप आत, मी. नाक आत गेलेलं, गाल आत गेलेले. स्वामीमलैला मूर्ती काढून घेतल्यावर फोडलेल्या साच्याच्या खापरीत चेहरा जसा खोलगट दिसतो, तसा माझा. पोटही आत. आणि बांगड्यांचे हात वर केलेले, कुणीतरी सोडवा म्हणावं तसे.

मी पेटी मामंजींना दिली. त्यांनी ती डाव्या डोळ्याला लावली, बराच वेळ पाहिलं. “मज तर सर्व ठीकच दिसतें,” असं हळूच म्हणाले. त्यांनी काच बाहेर काढली. पालथी केली. अंगठ्याचं नख तिच्या पाठीवरून, बरोबर मधल्या जागेवरून फिरवलं. कापलेली असती तर तिथे सांधा लागला असता. नख सरळ गेलं. पुन्हा फिरवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

“चूक माझी आहे,” ते दादाला म्हणाले. “डावें उजवीकडे ठेवावयाचें, तें राहिलें. ऐसें झालें कीं पुढचें मागें दिसतें. ती खिडकी तिच्या पाठीशीं आहे, चला, दाखवितों. एका डोळ्याचा माणूस मी. विसरलों.”

दादा तीन दिवस झोपला नव्हता. तो सुटलाच. “विसरलात? म्हातारपणी हे खेळ करायचे कशाला मग? माझ्या आईच्या जिवाशी खेळ झाला तुमचा! एका डोळ्याने दिसत नाही तर—”

मामंजी मान खाली घालून ऐकत होते. सत्तरीला आलेला माणूस, स्वतःच्या घरात, माझ्या भावाकडून. मला आत्ताही ते दिसतं. मी तेव्हा बोलले नसते तर दादाने मला नेलं असतं की नाही कोण जाणे, पण त्या घरात मी पुन्हा मान वर करून चालले नसते.

“दादा, त्यांनी नाही,” मी म्हटलं. “मी. कापायचं काम माझं होतं. मी कापलीच नाही, आणि कापली म्हणून सांगितलं.”

“का?”

मी हात पुढे केले. बांगड्या खळखळल्या. मला रडूच आलं. सासूबाईंना आधी कळलं. “पावम्,” त्या म्हणाल्या, बिचारी म्हणायला तोच शब्द त्यांच्या तोंडी असे. “काच फुटेल म्हणोन भ्याली. पोटांत लेंकरूं घेऊन स्वतःस कैसी कापील ती?”

दादा तिथेच ओट्यावर मटकन बसला आणि इतका वेळ सासूबाईंच्या हातात राहिलेली कॉफी त्याने मागून घेतली.

मी मामंजींच्या बोलण्याची वाट पाहत होते. सहावी शिकलेल्या मुलीला कोठीत घेतलं ते चुकलं, असं काहीतरी. खोटं बोललीस, असं तरी. ते काचेवरची धूळ पुसत होते.

“मज कां नाही सांगितलेंस?” ते म्हणाले. “न कापतां करतां येतें.”

“कसं?”

“ये.”

कोठीचं दार लावलं, लाल कंदील पेटवला. त्यांनी नवी कोरी प्लेट काढली आणि हिरकणीसह माझ्यापुढे ठेवली. “हिजवर तूं अजून नाहींस. हिला काप.”

मी कापली. टक्. पोटात कुणी दचकलं नाही. मग निगेटिव्हवरचं एकेक चित्र एकेका वेगळ्या तुकड्यावर छापून घेतलं, डावं डाव्यासाठी, उजवं उजव्यासाठी. मला कुठेच चिरावं लागलं नाही. त्यांनी हे आधी कधी केलं नव्हतं. दुप्पट काम, धुवायचं औषधही दुप्पट, आणि दोन्ही तुकडे सारखे काळे उतरायला पाहिजेत, एक फिका पडला की गेलं. दोनदा बिघडलं. प्रत्येक वेळी ते नवी कोरी प्लेट काढत आणि म्हणत, “हिजवरही नाहींस.” बाहेर दादा आणि सासूबाई यांचं चाललेलं ऐकू येत होतं.

“आणखी घ्या.”

“बास, बास.”

“बास ऐसें घरांत बोलूं नये, वाढणारीस वाईट वाटतें.”

“तुमच्या घरात बखर वाचल्यासारखं वाटतं हो,” दादा म्हणाला, आणि सासूबाई मोठ्याने हसल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना इतकं हसताना ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला दोन्ही तुकडे सारखे उतरले. वाळल्यावर पट्टी लावली आणि मी पेटी आधी दादाकडे दिली. तो डोळे लावून बसला. हात पुढे करून त्याने हवेत काहीतरी चाचपलं.

“दादा?”

“गज मागे गेले,” तो म्हणाला. “तू अलीकडे आलीस.” मग पेटी खाली न घेताच, “जाड झालीस गं.”

मामंजी नेहमीसारखे शेजारी उभे होते. “किती अलीकडे?” त्यांनी विचारलं. “हातभर?”

“दोन हात,” दादा म्हणाला. “दोन हात तरी.”

दादा चार दिवस राहिला. मला नेण्याचं पुन्हा निघालं नाही. जाताना तो मामंजींच्या पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याला उठवून पेटी कशी धरायची, आईला पडल्या पडल्या बघता यावी म्हणून उजेडाकडे कुठून फिरवायची, हे दोनदा समजावलं. गाडी सुटेपर्यंत मला एकच काळजी, काच वाटेत फुटेल. पण तसा तो शब्द मी तोंडातून काढला नाही.

आईचं पत्र आलं तेव्हा बाळंतपणाला आठ-दहा दिवस उरले असतील. शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेलं. मामंजी मोडी झरझर वाचत पण बाळबोध छापील असेल तरच. म्हणून ते खुर्ची ओढून बसले आणि मी वाचून दाखवू लागले. आई जेवू लागली होती. पेटी उशाशी होती, गावातल्या बायका रांगेने येऊन बघून जात होत्या. मग तक्रारी. केस नीट विंचरत जा. एवढ्या बांगड्या घालून भाकरी कशी थापतेस. भाकरी करतच नाहीत का तिकडे. आणि शेवटी, बरोबर तिच्या बोलण्यासारखं:

‘तुझ्या पायांपुढे अंगणात एक सावली पडली आहे, डोक्यावर पांघरूण घेतल्यासारखी, वाकलेली. आधी मला ती दिसलीच नव्हती. ते तुझे सासरे असावेत. त्यांचा चेहरा काही दिसत नाही. तर त्या सावलीला माझा नमस्कार सांग.’

मी थांबले. मामंजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, दोन्ही काचा, त्या मोतीबिंदूच्या बाजूचीसुद्धा.

“सावली चित्रांत येऊं देऊं नये,” ते म्हणाले. “ऊन पाठीशीं फार खालीं होतें. घटकाभर थांबावयाचें होतें मीं.”

“हो.”

“आतां पुन्हां वाच.”

“सगळं?”

“नको. सावलीपासून.”